२६६६ च्या रॅमसोबत ३२०० ची रॅम लावली तर चालते का, आणि वेगात किती फरक पडेल?

चालते. तुमच्याकडे ८ जीबीची डीडीआर४ प्रकारची, २६६६ वेगाची रॅम आहे, बाजारात ३२०० चीच मिळतेय आणि दुकानदार म्हणतोय जुनी काढून नवी जोडीच घ्या. घेऊ नका. नवी एकच आणा आणि मोकळ्या स्लॉटमध्ये बसवा. दोघींतली जी हळू, तिच्या चालीने मदरबोर्ड दोघींना चालवतो. नवी रॅम २६६६ ला उतरेल, बाकी सहसा काही बिघडत नाही.

उत्तर एवढंच आहे. पण ‘रॅम मिक्स केली की पीसीची वाट लागते’ हे वाक्य मी घरात इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी कराडला घरूनच डीटीपी करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांचे अहवाल. मशीन आय३-८१०० प्रोसेसरचं, त्यात २४०० ची ८ जीबीची एकच रॅम. २०२२ च्या लग्नसराईत कोरल आणि फोटोशॉप एकदम उघडले की माऊससुद्धा हलायचा नाही. मोठे दीर पुण्यात कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळतात. त्यांचं म्हणणं, एकसारखी जोडी घ्या, साडेचार हजार जातील. मी एकवीसशेला ३२०० ची एकच आणली, तीही दुसऱ्या कंपनीची.

आठवडाभर मशीन पळालं. मग एकदा पत्रिकेचं प्रूफ पाठवता पाठवता निळा स्क्रीन आला. पुढे दिवसातून दोनदा येऊ लागला. भाऊजी रविवारी आले, सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि मेमरीच्या पानावर बोट ठेवलं. आकडा होता १२००. ‘बघ, बत्तीसशेची आणलीस आणि चालतेय बाराशेला. म्हणून हँग होतंय.’ त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. खाली नणंदेचा अंगठा, चुलत सासऱ्यांचा अंगठा. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

उत्तर रॅमच्या नावातच आहे. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा. सीपीयू-झेड ठोके दाखवतं, पाकिटावर डेटाच्या खेपा छापतात. १२०० ठोके म्हणजे २४०० च्या खेपा. रॅम अर्ध्या वेगाने नाही, जुनीच्या पूर्ण वेगाने चालत होती. आणि आय३-८१०० प्रोसेसरची अधिकृत मर्यादाच २४०० आहे. भाऊजींची साडेचार हजारांची जोडी आणली असती तरी स्क्रीनवर १२००च दिसले असते!

मग निळा स्क्रीन कशाने? मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्री लावलं. दोन्ही रॅम एकत्र असताना लाल ओळी, म्हणजे चुका. पहिल्या स्लॉटमध्ये एकेक करून लावल्या तर दोन्ही स्वच्छ. दुसऱ्या स्लॉटमध्ये एकेक लावल्या तर जुनीलाही चुका, नवीलाही चुका. म्हणजे दोष त्या स्लॉटचा. आमच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. टॉर्च मारला तर खाचेच्या तळाशी पीठ, दमटपणाने चिकटून बसलेलं. तो स्लॉट चार वर्षं उघडाच होता. कोरड्या मऊ ब्रशने, मग ब्लोअरने तो साफ केला, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या. रात्रभर पुन्हा टेस्ट लावली, सकाळी चुका शून्य. त्याच दोन वेगळ्या रॅमवर पुढच्या दोन्ही लग्नसराया काढल्या, निळा स्क्रीन परत आला नाही. ग्रुपवरचा फोटो मात्र कुणी काढला नाही.

तुम्ही वेगात किती फरक पडेल विचारलंय. ३२०० ची रॅम एकटी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी नेते. २६६६ च्या दोन, ड्युअल चॅनलमध्ये, म्हणजे दोन वाटांनी एकाच वेळी, मिळून साधारण ४२.६ नेतात, कागदावर तरी. एक वेगवान रॅम की दोन बेताच्या, या वादाचा निकाल इथेच लागतो. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते, त्या सीएलच्या आकड्यानेही घाबरू नका. २४०० ला सीएल १७ म्हणजे सुमारे १४.२ नॅनोसेकंद, ३२०० ला सीएल २२ म्हणजे १३.७५. आकडा मोठा दिसतो, थांबणं तेवढंच.

आता भाऊजींच्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुमचं नुकसान व्हायचं. गेमिंगवाल्या चकचकीत रॅमवर ३२०० लिहिलेलं असलं तरी तो वेग बऱ्याचदा एक्सएमपी, म्हणजे वाढीव वेगाचं सेटिंग, चालू केल्यावरच मिळतो, एरवी ती २१३३ किंवा २४०० लाच उठते. तशी आणलीत तर तुमची जुनीही तिच्यासोबत खाली येऊ शकते. म्हणून साधी, १.२ व्होल्टची, एक्सएमपीशिवायच ३२०० ला चालणारी मागा. कधी कधी दोन रॅमचं खरंच पटत नाही, त्यामुळे बदलून देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि पहिल्याच रात्री टेस्ट लावा. एएमडीचा रायझन प्रोसेसर असेल तर रॅमच्या वेगाने जास्त फरक पडतो, तिथे जोडी घेण्यात अर्थ आहे. मशीनच नवं बांधत असाल तरी जोडीच घ्या. पण चांगली चालणारी रॅम काढून दुकानदाराला पाचशेला देणं हा मूर्खपणा आहे, मग सल्ला पुण्याहून आलेला असो.

बसवून झाली की सीपीयू-झेडमध्ये चॅनलपुढे ड्युअल आलंय का ते बघा. फ्रिक्वेन्सीपुढे साधारण १३३३ दिसेल. ते बरोबर आहे. कुणी त्याचा फोटो काढायला लागलं तर आधी दोनाने गुणायला सांगा.