हिकरीच्या दांड्याला हात लावण्यापूर्वी

जुनी गोल्फ स्टिक चकचकीत करण्याची घाई कृपया करू नका, कारण नवशिक्यांच्या हातून सर्वाधिक नुकसान याच हौसेपायी होते. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिली; त्याआधी दांडे बहुधा हिकरी या चिवट लाकडाचे असत. त्या काळच्या लोखंडी डोक्यांच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या टोकांच्या, पाठीवर बहुधा कारागिराचा शिक्का असतो, आणि ग्राइंडर फिरवला की तो कायमचा पुसला जातो. गंजासाठी अगदी बारीक स्टील वूल (पोलादी तंतूंचा घासण्याचा बोळा) आणि थोडे तेल पुरेसे आहे. खालचा करडा-तपकिरी थर राहू द्यावा, माझ्या मते त्या वस्तूचे खरे सौंदर्य त्यातच असते.

सुरुवातीला एवढेच पाळा:

- डोके सैल असल्यास ओढू नका. दांडा जिथे डोक्यात बसतो त्या मानेतून आरपार गेलेली पिन आधी शोधा.
- दांडा जोर लावून घासू नका, कारण जाडी घटली की त्याची लवचीकता बदलते.
- जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या, उरलेले पुसून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर पसरून वाळवा.

वाकलेला दांडा सरळ करणे तूर्त बाजूला ठेवा. पहिली स्टिक साधी, फारशी किंमत नसलेली निवडा; हात नक्की बसेल.