सीटीसीचा एक थेंबही नको

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला आहे. दारू दिवाळीत सुटली. तो कपड्यांच्या कारखान्यात होता, तिथला डाग काढायच्या सीटीसीचा जुना डबा घरात आहे. त्याने घशाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात असं संशोधन आहे म्हणे. दोन थेंब पाण्यातून द्यावेत का?
– एक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : नाही ताई, एक थेंबही नाही. दिला असेल तर त्याला कितीही बरं वाटत असो, आजच्या आज दवाखान्यात न्या. उलटी करवू नका. सीटीसी म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड; त्याने यकृताला झालेली इजा दिसायला एक-दोन दिवस जातात.

मी २६ वर्षं प्रयोगशाळेत पेशी वाढवल्या. बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात. त्या जिवंत ठेवण्यातच आमचा दिवस जायचा. औषध तपासताना एका बशीत ते ज्यात विरघळवलं तो नुसता द्रावक घालायचा, कारण पेशी औषधाने मेल्या की द्रावकानेच, हे कळायला हवं. शेजारी निरोगी पेशी ठेवल्या तर सीटीसी त्यांनाही सोडत नाही. आणि घशाच्या म्हणून जगभर वापरलेल्या ‘हेप-२’ पेशी तर घशाच्या नव्हत्याच! १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखातून घेतलेल्या पेशी त्यांच्यात मिसळून त्यांची जागा घेऊन बसल्या होत्या.

सीटीसी माणसांना पाजून झालेलं आहे. १९२१मध्ये अमेरिकेत मॉरिस हॉल या कृमितज्ज्ञांनी ते आकडीकृमी या आतड्यातल्या जंतांवर सुचवलं आणि पुढे अनेक देशांत ते दिलं गेलं. जंत पडले, पण काही रोगीही दगावले, त्यात दारू पिणारे बरेच. यकृतातलं जे एन्झाइम दारूमुळे वाढतं, तेच सीटीसी फोडतं, आणि त्या तुकड्यांनी यकृताच्या पेशींची आवरणं फाटतात. म्हणून तुमच्या पत्रातलं दारूचं वाक्य वाचून माझा जीव घाबरा झाला.

स्वरतंतूंवरचा कॅन्सर आवाज बसल्यामुळे लवकर लक्षात येतो आणि लवकर पसरत नाही. पहिल्या टप्प्यात नुसत्या किरणोपचाराने बहुतेक जण बरे होतात, आवाजही राहतो. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा : टप्पा कोणता, आणि किरणोपचार कधी सुरू करायचे.

डबा मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून घराबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा आणि घातक कचरा नेणाऱ्यांच्या हवाली करा.