खुर्ची घेण्याआधी स्वतःचं माप घ्या

तुमची अडचण थोडक्यात अशी: उंची १५५ सेंटीमीटर, दिवसाचे नऊ-दहा तास कॉम्प्युटरसमोर, टेबल ७५ सेंटीमीटर उंचीचं आणि ते बदलणं शक्य नाही. संध्याकाळपर्यंत कंबर धरते, मांड्या जड होतात. पर्याय दोन: उशा लावलेली गेमिंग चेअर, नाहीतर हेडरेस्टवाली जाळीची खुर्ची. कोणती घ्यायची ते शेवटी सांगतो. त्याआधी टेप हातात घ्या, कारण लक्षणं वाचून मला शंका येते ती पाठीच्या टेकूची नाही, बैठकीच्या लांबीची.

एका सपाट, कडक स्टुलावर ताठ बसा. घरात अनवाणी काम करत असाल तर अनवाणीच. तीन मापं लागतात: जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणेपर्यंतची उंची, पाठीमागच्या भिंतीपासून त्याच लवणेपर्यंतची मांडीची लांबी, आणि हात सैल सोडून कोपरात वाकवला की बैठकीपासून कोपरापर्यंतची उंची. तुमच्या उंचीला ही साधारण ३९, ४४ आणि २३ सेंटीमीटरच्या आसपास येतील. माणसागणिक फरक पडतो, म्हणून स्वतःची घ्याच.

आता मांडी ४४ आणि खुर्चीची बैठक पुढून मागे ४८ असेल तर काय होतं बघा. पूर्ण मागे सरकलात की बैठकीची कड लवणेत रुतते. ते टोचू नये म्हणून माणूस नकळत पुढे सरकतो आणि पाठ टेकूपासून सुटते. मग कमरेचं हाड मागे कलंडतं, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि आपण पोक काढून बसतो. लंबर सपोर्ट, म्हणजे कमरेचा टेकू, कितीही भारी असो, तो मागे हवेत राहतो. मांड्या जड होणं आणि कंबर धरणं या दोन्ही गोष्टी या एकाच कारणातून येऊ शकतात. पूर्ण मागे बसल्यावर कड आणि लवण यांच्यात दोन-तीन बोटं सहज जायला हवीत. म्हणजे तुम्हाला वापरात येणारी बैठक ३९-४० सेंटीमीटरचीच पाहिजे. जाहिरातीत हा आकडा बहुतेक वेळा नसतोच, मागून घ्यावा लागतो. बैठक पुढे-मागे सरकणारी असेल तर सर्वांत आखूड स्थितीतलं माप विचारा. विकणारा मोठं माप सांगतो, तुमच्या कामाचं लहान आहे.

हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीची एरॉन ही ऑफिसची खुर्ची १९९४ साली आली. तिची जाळी सगळ्यांना आठवते. मला त्यातली मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे ती ए, बी, सी अशा तीन आकारांत निघाली. चपलेचा नंबर बघून घेतो, मग खुर्चीचा का नाही? तरीही बाजारातल्या बहुतेक खुर्च्या ‘एकच माप सर्वांना’ याच हिशोबानं बनतात, आणि त्यात कमी उंचीची माणसं सर्वांत जास्त भरडली जातात.

दुसरा घोळ टेबलाचा. तुमची लवण ३९ वर आणि कोपर त्याच्या वर २३, म्हणजे पाय जमिनीवर टेकवून बसलात तर कोपर ६२ वर येतं. टेबल ७५. मधल्या तेरा सेंटीमीटरांसाठी दिवसभर खांदे उचलून टाइप करावं लागतं, आणि ती मान-खांद्याची दुखणी खुर्चीच्या खात्यावर मांडली जातात. खुर्ची वर घेतली तर पाय लोंबकळतात आणि पुन्हा कड मांडीत रुतते. उपाय दोनच. खुर्ची वर घेऊन पायाखाली चांगला रुंद, न हलणारा फूटरेस्ट ठेवायचा. दोन्ही पावलं मावून जागा बदलता आली पाहिजे, पुस्तकाएवढी फळी उपयोगाची नाही. यात खुर्ची ५२ सेंटीमीटरपर्यंत वर जाते का तेही बघावं लागेल. किंवा टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवायचा. ट्रे ६५ च्या आसपास आला की खुर्ची ४२ वर ठेवता येते आणि पायाखाली जेमतेम तीन सेंटीमीटरची फळी पुरते. मी असतो तर ट्रेच बसवला असता.

पाठीबद्दल. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. टेकू न घेता बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या, १९९९ मधल्या मोजणीत बसणं आणि उभं राहणं यांतला फरक एवढा मोठा आढळला नाही. पण पाठ थोडी मागे कलवून टेकली की कमरेवरचा भार हलका होतो, हे मात्र टिकून आहे. २००६ मध्ये ॲबरडीनच्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बसण्याच्या वेगवेगळ्या पद्धती तपासल्या आणि मांड्या व पाठ यांच्यात १३५ अंशांचा कोन ठेवून बसणं मणक्याला सर्वांत सोयीचं ठरलं. ती बातमी वाचून लोक खुर्ची पार आडवी करतात. तसं बसून टाइप करता येत नाही. हात पोचत नाहीत, मान पुढे येते. टाइप करताना १००-११० अंश, आणि वाचताना, फोनवर बोलताना त्याहून मागे, हे जमण्यासारखं आहे.

त्यासाठी पाठ अमुक अंशांवर कुलूपबंद होते की नाही यापेक्षा ती तुमच्याबरोबर हलते की नाही हे महत्त्वाचं. सिंक्रो टिल्टमध्ये पाठ जास्त आणि बैठक कमी कलते, त्यामुळे मागे रेलल्यावर गुडघे वर उचलले जात नाहीत. साध्या टिल्टमध्ये सगळी खुर्ची एकत्र मागे जाते आणि पाय जमिनीवरून सुटतात. रेलण्याचा जोर कमी-जास्त करणारी टेन्शनची फिरकी पूर्ण सैल करूनही रेलायला जोर लावावा लागत असेल तर ती खुर्ची तुमच्यापेक्षा वजनदार माणसासाठी आहे. लंबर सपोर्ट वर-खाली होणारा हवा. तो पट्ट्याच्या रेषेत किंवा किंचित वर लागला पाहिजे. कमी उंचीच्या माणसाला जागच्या जागी बसवलेला फुगवटा बरेचदा पाठीच्या मध्यावर टोचतो.

आर्मरेस्ट पुरेसे खाली जातात आणि टेबलाखाली सरकतात का, एवढं बघा. जात नसतील तर काढता येणारे घ्या, कारण अडलेल्या आर्मरेस्टमुळे माणूस टेबलापासून लांब राहतो आणि पुढे वाकतो. हेडरेस्टचा उपयोग रेलल्यावरच. टाइप करताना डोकं तिथे टेकत असेल तर तो मान पुढे ढकलतोय. जाळी की फोम हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. जाळीत घाम कमी येतो, पण पुढच्या कडेची चौकट मांडीला लागते का ते तपासा. फोम बोट दाबून नाही, वीसेक मिनिटं बसून कळतो.

‘बिफमा प्रमाणित’ (बिफमा म्हणजे ऑफिस फर्निचर बनवणाऱ्यांची अमेरिकी संघटना) ही पाटी चांगली आहे, पण ती प्रामुख्यानं मजबुती आणि टिकाऊपणाच्या चाचण्यांची असते. तुमच्या मांडीला खुर्ची बसते की नाही हे त्यात कुणी तपासलेलं नसतं.

आणि तुम्ही लॅपटॉप थेट टेबलावर ठेवून काम करत असाल तर खुर्चीआधी वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या, लॅपटॉप उचलून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. पडदा खाली असेल तर राजसिंहासनावर बसलात तरी मान वाकणारच. शिवाय अर्ध्या-पाऊण तासानं उठायचं ते उठायचंच. मांड्यांचं जडपण उभं राहून चालल्यावर जात असेल तर बहुधा खुर्चीचा दोष; पायात मुंग्या गुडघ्याखाली उतरत असतील, पाऊल उचलताना ताकद कमी वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा. जांघेतली संवेदना गेली किंवा लघवीवरचा ताबा गेल्यासारखं झालं तर त्याच दिवशी.

आता तुमचे दोन पर्याय. गेमिंग चेअर नको. तिचा आकार रेसिंग कारच्या सीटवरून आला आहे. बैठकीच्या कडेचे उंचवटे वळणावर चालकाला एका बाजूला फेकलं जाऊ नये म्हणून असतात. टेबलाशी वळणं नाहीत, तिथे ते फक्त मांड्या आवळतात आणि बसण्याची पद्धत बदलू देत नाहीत. कमरेची सुटी उशी बैठक थोडी आखूड करते हे खरं, पण ती दर तासाला सरकते. जाळीची खुर्ची घ्या, पण विकणाऱ्याला आधी दोनच आकडे विचारा: सर्वांत आखूड बैठक किती आणि सर्वांत खालची उंची किती. ४० आणि ४२ च्या जवळपास उत्तर आलं तर हेडरेस्ट नसलेलं मॉडेल बघा, वाचलेल्या पैशांत कीबोर्ड ट्रे येईल. ४६ आणि ४८ असं उत्तर आलं तर तीही सोडून द्या.