वस्ती पाहून टक्केवारी कळते, कल कळत नाही

तुमचा प्रश्न असा आहे: वॉर्डातल्या लोकांचं वय, शिक्षण, जात, धर्म, भाषा यांचे आकडे हाती असतील, तर मतदान किती होईल आणि कोणाच्या बाजूने होईल हे आधी सांगता येईल का? मी बरीच वर्षं दक्षिण मुंबईत बीएलओ, म्हणजे मतदार यादी तपासणारा केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणून घरोघरी फिरलो आहे. माझा अनुभव असा की वस्ती नीट पाहिली तर मतदानाच्या टक्केवारीबद्दल बरंच सांगता येतं, कलाबद्दल फार कमी. बहुतेक लोक नेमकं उलटं धरून चालतात.

कोल्हापूर जिल्ह्यातलं करवीर आणि दक्षिण मुंबईतलं कुलाबा हे दोन मतदारसंघ घ्या. २०१९ च्या विधानसभेला राज्यात सर्वाधिक मतदान करवीरमध्ये झालं, सर्वात कमी कुलाब्यात. २०२४ ला पुन्हा तेच: करवीर सुमारे ८५ टक्के, कुलाबा सुमारे ४४. पण याच करवीरने २०१४ ला शिवसेनेचे चंद्रदीप नरके निवडून दिले, २०१९ ला काँग्रेसचे पी. एन. पाटील, आणि २०२४ ला परत नरके, तेही दोन हजारांच्या आतल्या फरकाने. गावं तीच, माणसं तीच, रांगाही तेवढ्याच लांब. बदलला तो निकाल.

करवीरमध्ये एवढं मतदान का होतं? तिथे माणूस पाच वर्षांतून एकदाच मत देतो असं नाही. सेवा सोसायटी, दूध संस्था, साखर कारखाना, ग्रामपंचायत, सगळीकडे निवडणूक असते आणि सगळीकडे दोन गट असतात. कोण आलं, कोण राहिलं, हे दुपारी दोनपर्यंत दोन्ही गटांना पाठ असतं. राहिलेल्याच्या दारात गाडी उभी राहते. ही सवय जनगणनेच्या कुठल्याच रकान्यात सापडत नाही.

आता मुंबई. ‘शिकलेले लोक मतदानाला बाहेर पडत नाहीत’ हे वाक्य दर निवडणुकीला ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण मतदार यादीची काय अवस्था असते ते मी पाहिलंय. गिरगावातल्या एका चाळीत, दहा बाय बाराच्या एका खोलीच्या पत्त्यावर माझ्या यादीत अकरा नावं होती. दार एका आजींनी उघडलं. मी एकेक नाव वाचत गेलो आणि त्या सांगत गेल्या: हा नालासोपाऱ्याला, ही लग्न होऊन डोंबिवलीला, हे वारले, तो बदलापूरला. अकरापैकी तिथे राहत होत्या त्या एकट्याच. मतदानाच्या दिवशी त्या येऊन मत देऊन गेल्या, तरी त्या खोलीचं मतदान कागदावर नऊ टक्केच!

ही एका खोलीपुरती गोष्ट नाही. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३३.४ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.९ लाखांवर आली. माणसं गेली, पण नावं त्या वेगाने जात नाहीत. हजार नावांच्या यादीत दोनशे माणसं दुसरीकडे गेलेली असतील आणि ४८० जणांनी मत दिलं, तर कागदावर ४८ टक्के दिसतात. खरे असतात ६०. भाडेकरूंचं उलट होतं. ते राहतात इथे आणि नाव असतं गावाकडे. कोकणातल्या चाकरमान्यांच्या घरी हे नेहमी दिसतं. एवढं वजा केल्यावर जी उदासीनता उरते ती खरीच आहे, ती मी नाकारत नाही.

कलाचा हिशेब करताना लोक मतदान केंद्रनिहाय निकाल, म्हणजे निवडणूक आयोगाचा नमुना २०, उघडतात. केंद्रात एका समाजाची ३० टक्के नावं, एका पक्षाला ३० टक्के मतं, म्हणजे ती त्याच समाजाची, असं ठरवून टाकतात. पण आकडा केंद्राचा आहे, माणसाचा नाही. त्या समाजातले निम्मे दुसरीकडे गेले असतील आणि ती भर इतरांनी घातली असेल, तरी बेरीज ३० च येते. मराठवाड्यात २०२४ च्या लोकसभेला महायुतीला आठपैकी एकच जागा मिळाली आणि सहा महिन्यांनी विधानसभेला तिथल्या बहुतेक जागा तिच्याच झाल्या. सहा महिन्यांत लोकसंख्येची रचना बदलत नाही. मात्र राज्याचं मतदान ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे मत देणारी माणसंही तीच नव्हती.

त्यामुळे वॉर्डाचा अभ्यास करायचा असेल तर मी सांगेन, आधी एकाच केंद्राच्या लागोपाठच्या दोन निवडणुका घ्या. एकूण मतं किती वाढली ते पाहा, पक्षांकडे नंतर वळा. मग यादीचा तो भाग छापून घेऊन दहा इमारती पायी फिरा आणि किती नावं तिथे खरंच राहतात ते मोजा. वाघोली, पनवेल, बदलापूर अशा ठिकाणी राहत असाल तर २०११ ची जनगणना बाजूलाच ठेवा, कारण तुमचे निम्मे शेजारी त्यानंतर आलेले असतील. आणि फिरताना कोणी ‘माझं नाव अजून जुन्या घरी आहे’ म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे फोनवरून नमुना ८, म्हणजे यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज, भरायला मदत करा. दहा मिनिटांचं काम आहे.