लग्नाविना सहजीवन: साक्षीदार कोण?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही दोघे काही वर्षे लग्न न करता एकत्र राहत आहात, जोडीदाराच्या आईवडिलांना हा अधर्म वाटतो, तुमच्या मित्रमंडळींना सहीशिक्क्याची गरजच वाटत नाही, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे हे तुम्हाला उमगत नाही. मी याच पेचातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याविषयी जे लिहीन ते जाणकाराकडून पडताळून घ्यावे.

सज्ञान व्यक्तींनी असे एकत्र राहणे हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ आणि २०१० मध्ये सांगितले आहे आणि ते तुम्हाला ठाऊक असेलच. मला सर्वांत महागात पडले ते समाजाचे टोमणे नव्हेत, तर एका रुग्णालयाचे दाखल-कार्यालय. माझ्या जोडीदाराला पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा अर्जातील ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी ‘सहजीवनातील जोडीदार’ असे लिहिले. खिडकीतील गृहस्थांनी तो शब्द शांतपणे खोडून वर ‘परिचित’ असे लिहिले आणि ‘रक्ताचे कोणी असेल तर बोलावून घ्या,’ असे सांगितले. ते उद्धट नव्हते, त्यांनी आम्हाला नावेही ठेवली नाहीत. आमच्यासारख्यांसाठी त्यांच्याकडे रकानाच नव्हता. जिवावर बेतले असेल तर डॉक्टर संमतीची वाट पाहत नाहीत, परंतु ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी ते सही मागतात, आणि ती सही अखेर अनेक वर्षे आमच्याशी न बोललेल्या त्याच्या भावाने येऊन केली. त्याच्या रोजच्या गोळ्यांची यादी आणि जुन्या तपासण्यांची फाइल घेऊन मी तोपर्यंत बाहेर बाकावर बसून होते. त्या दिवशी माझी बाजू घेतली ती त्याच्या आईने, जी आमच्या घराची पायरी कधी चढली नव्हती. तिने डॉक्टरांना सांगितले, “हिला विचारा, त्याचे सगळे हिलाच ठाऊक आहे.”

त्यानंतर धर्माच्या विरोधाकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यात स्त्रीवर पाळत ठेवण्याची वृत्ती आणि जातीची कुंपणे जपण्याची धडपड आहे, हे मी आजही ठामपणे म्हणते. पण त्याच्या तळाशी एक रास्त चिंताही आहे: या नात्याला साक्षीदार कोण? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलेल्या आठ विवाहप्रकारांत केवळ परस्परांच्या इच्छेने होणारा गांधर्व विवाहही आहे, म्हणजे ‘आपल्या परंपरेत असे कधी नव्हतेच’ हे म्हणणे टिकत नाही. परंतु महाभारतातील शकुंतला त्याच विवाहानंतर मुलाला घेऊन दरबारात आली, तेव्हा दुष्यंताने तिला ओळख दिली नाही, आणि तिच्या बाजूने बोलायला आकाशवाणी व्हावी लागली. युरोपात गुपचूप केलेले विवाह नंतर नाकारले जात, म्हणून कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार सक्तीचे केले. निकाहातही साक्षीदार आणि मेहर (पतीने पत्नीला द्यायची ठरलेली रक्कम) यांवर भर आहे. आईवडील ‘अधर्म’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पुष्कळदा हीच भीती असते, ती त्यांना वेगळ्या शब्दांत मांडता येत नाही एवढेच.

तुमच्या मित्रमंडळींचे म्हणणे मला जवळचे आहे, कारण मीही देवधर्म मानत नाही. तरीही ‘हा आमचा खाजगी प्रश्न आहे’ एवढे म्हणून ते थांबतात, तेव्हा आजारपण, मृत्यू आणि ताटातूट या तिन्ही वेळी तो खाजगी राहत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने ‘विवाहसदृश’ नात्यातील स्त्रीला संरक्षण दिले आहे, पण आपले नाते तसे होते हे तिलाच सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आणखी एका निकालात त्यासाठी कसोट्या घातल्या आहेत, आणि दोघेही विवाहास पात्र असणे ही त्यांपैकी एक आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील वारसांच्या यादीत अशा जोडीदाराचे नावही नाही. स्वीडनमध्ये सहजीवनासाठी स्वतंत्र कायदा आहे, पण तेथेही मृत्युपत्राशिवाय जोडीदाराला वारसाहक्क मिळत नाही. म्हणजे समाज कितीही मोकळा झाला तरी कागद आपोआप तयार होत नाही. उत्तराखंडाने जानेवारी २०२५ पासून अशा नात्याची नोंदणी सक्तीची केली आहे, आणि ती न केल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे. हा मार्ग मला मुळीच मान्य नाही. नोंद जोडप्याच्या सोयीसाठी असावी. शिक्षेची टांगती तलवार ठेवून केलेली नोंद ही निव्वळ पाळत ठरते.

माझे मत असे की लग्न करायचे की नाही हा निर्णय आईवडिलांवर किंवा मित्रांवर सोपवू नका, पण कागद आजच करा. दोघांनीही दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू असेल तर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने साधारणपणे एक-तृतीयांश मालमत्ताच देता येते, हेही ध्यानात ठेवावे. बँकेतील नामनिर्देशनावर (नॉमिनेशनवर) विसंबू नका, कारण त्याने मालकी ठरत नाही. घराचा भाडेकरार दोघांच्या नावे असू द्या, कारण एकत्र राहत असल्याचा पुढे तोच पुरावा ठरतो. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नोंदीत एकमेकांची नावे लेखी घालून घ्या. याने सर्व अडथळे दूर होतील असे मी म्हणणार नाही, पण कोऱ्या रकान्यापेक्षा ते बरे.

तुम्ही विशेष विवाह कायद्याबद्दलही विचारले आहे. १९५४ च्या या कायद्यात धर्मविधी लागत नाही, तीन साक्षीदार पुरतात. मात्र तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लावण्याची तरतूद आहे. ती बातमी घरी तिऱ्हाइताकडून पोहोचली तर कटुता वाढते, म्हणून नोटीस देण्याआधी जोडीदाराच्या आईवडिलांना तुम्ही दोघांनी समोर बसून सांगावे, आणि जमल्यास साक्षीदार म्हणून सही करण्याची विनंती प्रथम त्यांनाच करावी.