आधी जन्मांच्या नोंदी वाच

प्रजननदरावर काम सुरू करतोयस, तर थेट रिग्रेशनला, म्हणजे आकड्यांमधले संबंध मोजायच्या सांख्यिकी पद्धतीला, हात घालू नकोस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांच्या बाळंतपणांची ओळीने नोंद असते. त्यातल्या पन्नास जणींच्या नोंदी नुसत्या वाच. मुलगी, मुलगी, मुलगी, मुलगा, मग नसबंदी. हा क्रम दिसला की सरासरीच्या आकड्यात काय दडतं ते कळतं.

अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरचा १९६० चा निबंध वाचच; मुलं किती आणि प्रत्येकावर खर्च किती, हे आईबाप एकत्र तोलतात असं तो मांडतो. पण मुलं कमी म्हणून शिक्षण जास्त, की शिकवायचं म्हणून मुलं कमी? जुळी कुणी ठरवून होत नाहीत, त्यामुळे आईबापांच्या इच्छेपलीकडे एक मूल वाढलं की काय होतं ते दिसतं; म्हणून अर्थतज्ज्ञ रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९८० मध्ये भारतातल्या जुळ्यांचा आधार घेतला. फार देखणी युक्ती आहे ही! आज मात्र आयव्हीएफमुळे (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारामुळे) जुळी नेहमीच निव्वळ योगायोगाची नसतात, म्हणून ती जपून वापर.