तासन्‌तास वाचूनही परीक्षेत काहीच आठवत नाही, अभ्यासाची पद्धत कशी सुधारू?

तास वाढवू नका, आधी वाचायची पद्धत बदला. बहुतेक जण तोच धडा तीन-चारदा वाचतात, हायलायटरने पानं पिवळी करतात आणि ओळखीचं वाटायला लागलं की झालं पाठ असं समजतात, पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक बंद करून स्वतःला सांगता येणं वेगळं, परीक्षेत हे सांगता येणंच लागतं ना.

म्हणून एक टॉपिक वाचला की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, मग उघडून काय सुटलं ते बघा. सुरुवातीला जाम वैताग येतो कारण निम्मं आठवतच नाही, पण तो वैतागच कामाचा आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हे तपासलं होतं, पाच मिनिटांनी टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे आदल्या रात्रीची घोकंपट्टी दुसऱ्या दिवशी कशीबशी तारते, नंतर सगळं साफ.

दुसरं, गॅप ठेवून रिव्हिजन करा, आज केलेलं उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, दरवेळी आधी आठवून बघायचं मगच पुस्तक. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवण्यापेक्षा प्रकार मिसळा, कुठली रीत लावायची हे ओळखायची सवय त्यानेच लागते.

मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि झोप कापून अभ्यास नको, वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागतेच.